सांगून उठायचं बाकडं

आधी आला तो घड्याळवाला. नऊला बोलावलेला माणूस साडेआठलाच दारात उभा, आणि वर मलाच सांगतो की आजी, तुमचं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. म्हटलं, ठाऊक आहे, ते मागे आहे आणि मी त्याच्या मागे आहे, आमचं जमतं. तो हसला नाही. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं एक पुडकं होतं, ते त्याने झोपलेलं मूल धरावं तसं दोन्ही हातांनी धरलं होतं. बस म्हटलं तर बसेना. पुडकं ठेव म्हटलं तर ठेवेना. शेवटी विचारतो, ती आली आहे का? मी म्हटलं, कोण ती? तर म्हणाला, नसेल आली तर बरं, आणि लगेच खिडकीतून रस्त्याकडे बघायला लागला, की ती येते आहे का.

पण थांब. चि. धाकटीस थोरलीचे आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशी करायची नसते एवढं मला कळतं, तिसरीपर्यंत का होईना शाळेत गेले आहे (तिसरीची परीक्षा राहिली, गोवर आला होता, तुला आठवत असेल, घरात तूच आणला होतास). तर आधी प्रकृती. तुझा गुडघा दुखतो असं तुझ्या थोरल्या सुनेच्या मावशीकडून कळलं. उजवा की डावा ते तिला सांगता आलं नाही, तरी तू दोन्ही जपावेस. सहा वर्षांत तुझं पत्र नाही, माझा फोन नाही, तेव्हा तुझी बातमी मला अशीच चार घरं फिरून मिळायची, आणि चार घरं फिरलेल्या बातमीत गुडघा कुठला हे राहत नाही. माझं बरं आहे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकतो आहे, डॉक्टर म्हणतात अजून पिकू द्या. हे पत्र बघून तुला नवल वाटेल. वाटू दे. पण फाडू नकोस. सबंध वाच आणि मग फाड. मी रागाने लिहीत नाही, मला सध्या रागवायला सवडच नाही. मी कामाला लागले आहे.

हो, ह्या वयात. आमची पुढची खोली, तू आलीस की झोपायचीस ती, तिथे आता नातीचा कारखाना आहे. ती त्याला स्टुडिओ म्हणते. सोनार म्हटलेलं तिला चालतं, पण सोनं ती ठेवत नाही. ती फक्त चांदीचं काम करते, आणि तीही नवी चांदी विकत घेत नाही. लोकांची मोड घेते. एकटं राहिलेलं कानातलं, वाकडी अंगठी, तुटलेली साखळी, हात नसलेला चमचा. ते सगळं वितळवायचं, त्याची लगड ओतायची, लगड दोन लोखंडी रुळांमधून लाटून पत्रा काढायचा आणि पत्र्याचा नवा दागिना. ती म्हणते, आजी, जमिनीतून काढलेली चांदी घरोघरी खणात पडून आहे, अजून खणायचं कशाला? मला हे पटलं. आपल्या घरातलंही कितीतरी खणात पडून आहे. (त्याबद्दल खाली लिहीन. किंवा लिहिणार नाही, बघते.) माझ्याकडे दोन कामं आहेत. एक म्हणजे मोडीवरून लोहचुंबक फिरवायचा, म्हणजे लोखंडाची स्प्रिंग, सुईचं टोक, करवतीचा दात असं काही चांदीत लपलेलं असेल तर निघून येतं. आणि दुसरं, रुळाचा दांडा फिरवायचा. दांडा माझ्या हाताएवढा लांब आहे आणि फिरवताना अंगात जोर लागतो. पहिल्या दिवशी फिरवला तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं हे खांदे कशासाठी सांभाळले ते आज कळलं.

आता बाकड्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आलेल्या माणसांना बसायला नातीने एक लाकडी बाकडं आणलं आहे, बंद पडलेल्या दवाखान्यातलं. दिसायला भक्कम आहे, पण ज्याने केलं त्याने पाय टोकांना न लावता आत, मधोमध सरकवून लावले. त्यामुळे दोन टोकांना दोघं बसले असले की ठीक. त्यातला एक उठला की दुसरं टोक खाली आणि बसलेला माणूस जमिनीवर. आम्हाला सवय झाली आहे, आम्ही उठताना सांगतो. नवा माणूस आला की मी त्याला आधी हेच सांगते. त्या दिवशी सांगायचं राहिलं. तेही मुद्दाम नाही.

नऊच्या ठोक्याला ती आली. घड्याळवाल्याची धाकटी बहीण. शाळेत भूगोल शिकवते, चष्मा दोरीला बांधलेला, पाठ ताठ. आली आणि बाकड्याच्या ह्या टोकाला बसली. घड्याळवाला इतका वेळ उभा होता, तोही नेमका त्याच क्षणी त्या टोकाला बसला. मधे पुडकं. चार वर्षं दोघांचं बोलणं नाही. कारण काय, तर त्या पुडक्यात होता तो आईचा पेला. चांदीचा, हातभर नाही, वीतभरही नाही, साधा पाणी प्यायचा पेला. त्यांची आई सहा महिने मुलाकडे राहायची आणि सहा महिने मुलीकडे, आणि जिथे जाईल तिथे हा पेला पिशवीत घालून न्यायची, दुसऱ्या कशातून पाणी प्यायची नाही. ती गेली तेव्हा पाळी मुलाकडची होती, म्हणून पेला तिथे राहिला. मुलगी म्हणाली, दोन महिन्यांनी गेली असती तर माझ्याकडे राहिला असता. झालं. ह्यावर चार वर्षं. शेवटी कुणा वकिलाने तोडगा काढला की पेला वितळवून सारखे दोन भाग करा, ज्याने त्याने आपल्या भागाचं काय ते करून घ्या. दोघांनाही हे पसंत नव्हतं, आणि दोघांनाही सारखंच नापसंत असल्यामुळे ते ठरलं.

बोलणं सगळं माझ्यामार्फत. बाई म्हणाल्या, आजी, त्यांना विचारा, पेला धुऊन आणलाय का. मी विचारलं. तो म्हणाला, आजी, सांगा त्यांना, आणलाय. मी सांगितलं. दोघांच्या मधे तीन हात जागा, आणि मी पोस्टमनसारखी इकडून तिकडे. मला आवडतं असलं काम, तुला माहीत आहे. नातीने पेला हातात घेतला, वजन केलं, दोघांना आकडा दाखवला, आणि मग पेल्याच्या पोटाला एक पोचा होता त्यावर अंगठा ठेवून सहज विचारलं की हा कसा पडला. दोघंही एकदम म्हणाले, लहानपणी भिंतीवर आपटला होता. कोणी, ह्यावर मात्र दोघांचं एकमेकांकडे बोट. बोट दाखवायला त्यांना मी लागले नाही.

मग पेला कापायचा होता, कारण अख्खा पेला मुशीत मावत नाही. नातीचा नियम आहे की पहिली कात्री ज्याची वस्तू त्याने चालवायची. कात्री दोघांपुढे धरली. कोणी घेईना. मी म्हटलं मी कापू का, तर दोघंही नाही म्हणाले, आणि ते ऐकून मला जरा बरं वाटलं. शेवटी नातीनेच कापला. आवाज फार वाईट येतो, जाड पुठ्ठा फाडल्यासारखा. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. घड्याळवाला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, ते सात मिनिटं मागे होतं तेच बहुतेक त्याला हवं होतं. तुकडे मुशीत घातले (मूस म्हणजे मातीची जाड वाटी, आगीला न भिणारी), वर मळ सुटायला टाकणखाराची चिमूट, आणि गॅसची ज्योत सोडली. आधी चांदी रुसल्यासारखी काळवंडते. मग कडा बसायला लागतात. मग एकाएकी सगळे तुकडे एकमेकांत जातात आणि मधे एकच गोळा थरथरत राहतो, आरशासारखा, त्यात छत दिसतं. कितीही वेळा बघितलं तरी मी तोंड उघडं ठेवून बघते. साचा आधी तेल लावून गरम केलेला होता. नातीने एका दमात ओतली. थांबत ओतलं की थर पडतात. लगड निघाली चार बोटं लांब, दोन बोटं रुंद, अंगठ्याएवढी जाड.

आता माझी चूक. धाकटे, मी ही पहिल्यांदा लिहून ठेवते आहे, तेव्हा नीट वाच. नातीने लगडीचे दोन फेरे रुळातून काढले आणि तिसऱ्याच्या वेळी तिचा अंगठा भाजला, साचा अजून गरम होता. ती नळाखाली हात धरायला आत गेली. जाताना म्हणाली, आजी, हात लावू नकोस. पण ते मला साच्याबद्दल वाटलं. मी दांड्याशी उभी. दोघं गिऱ्हाईक माझ्याकडे बघत आहेत. रिकामं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मी रूळ जरा आवळला आणि फिरवला. सुंदर निघाला. पुन्हा आवळला. पण आता मी आयुष्यभर जे केलं तेच हातांनी केलं. कणकेचा गोळा लाटताना आपण काय करतो? एकदा लाटायचं, पाव फेरा वळवायचं, पुन्हा लाटायचं, म्हणजे सगळीकडून सारखं होतं. मीही पत्रा पाव फेरा वळवला आणि घातला. पुन्हा वळवला आणि घातला. आठ वेळा. चांदीला हे चालत नाही. तिला एकाच दिशेने न्यायचं असतं, आणि दर दोन फेऱ्यांनी तापवून नरम करायचं असतं. दिशा बदलायची तर आधी तापवायचं. मला हे नातीने सांगितलं होतं. कान ऐकतात ग, पण हात त्यांचे थोडेच नोकर आहेत? आठव्या फेऱ्याला पत्रा बाहेर आला तो कडेपासून मध्यापर्यंत तडकलेला. एक फट नाही, तीन. मी तो ताटलीत ठेवला आणि पदर सावरला.

नात आली, तिने पत्रा उचलला, उजेडात धरला, उलटसुलट करून बघितला. मग तिने दोघांना विचारलं, पेल्याला कधी डाक लावून घेतली होती का? म्हणजे बूड गळत होतं, सांधून घेतलं, असं काही? जुन्या डाकेत शिसं असलं की चांदी अशी तडकते. बस. एवढं विचारायची खोटी. बाई म्हणाल्या, आजी, त्यांना विचारा, त्यांच्या घरी असताना गळायला लागला होता का. तो म्हणाला, आजी, त्यांना सांगा, माझ्याकडे आला तेव्हाच मला बुडाशी रेघ दिसली होती. मग बाई म्हणाल्या, आजी, त्यांना सांगा, आणि पुढचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्याच नाहीत, सरळ त्याच्याकडे बघून बोलल्या. रेघ दिसली होती तर तू बोलला का नाहीस? त्याने उत्तर दिलं, तेही सरळ. माझी पोस्टमनची नोकरी गेली. चार वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलत होते, भांडत का होईना, आणि बोलत होते ते माझ्या आठ फेऱ्यांमुळे. आता तूच सांग, अशा वेळी मधे तोंड कसं घालायचं? मी खोटं बोलले नाही. मी फक्त खरं सांगायला थोडा उशीर केला. पाऊण तास.

पण पाऊण तासात भांडण पेल्यावरून आईवर गेलं. कोणी तिला दुधाचं विचारलं, कोणी नाही. कोणी खिडकी उघडी ठेवली. कोणी दवाखान्यात नेलं आणि कोणी नुसतं फोनवर सांगितलं. आणि मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, म्हणजे शेवटचे महिने आई फुटक्या पेल्यातून पाणी पीत होती आणि तुला माहीत होतं. घड्याळवाल्याचा चेहरा पांढरा झाला. तो तडक उठला. आणि बाकड्याने आपलं काम केलं. बाईंचं टोक खाली, बाई घसरल्या, चष्मा दोरीला लोंबकळला, आणि त्यांनी पडता पडता हाताला आलं ते धरलं. आली ती ह्याची बाही.

"दादा," त्या म्हणाल्या, "सांगून ऊठ."

तो तसाच परत बसला. बाकडं सरळ झालं. कोणी हसलं नाही. बाईंनी बाही सोडली नाही आणि त्याने ओढून घेतली नाही. मला वाटलं, आता. आता नाही सांगितलं तर मग कधीच नाही. मी दांड्यापाशी उभी राहिले, शाळेत मास्तरांपुढे उभी राहायचे तशी, आणि सांगितलं.

"पेला चांगला होता. मी पत्रा वळवला."

किती वेळा, नातीने विचारलं. आठ, मी म्हटलं. मधे तापवलास का? नाही. का वळवलात, हे बाईंनी विचारलं, भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत समुद्र डोंगरावर काढला असेल तर विचारतात तसं. मी कणकेचं सांगितलं, सगळीकडून सारखा व्हावा म्हणून. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, म्हणजे पेल्याला काही झालं नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं. घड्याळवाल्याने विचारलं, कधीच? मी म्हटलं, चांदी माझ्या हातात चांगलीच आली होती बाबा, बिघडवली मी. ती रेघ पॉलिशची असेल, घासल्याची असेल, पण गळका नव्हता. ते ऐकून दोघांनी एकदम श्वास सोडला. मला ओरडायला कोणी उरलंच नव्हतं. दोघांनाही चार वर्षं रागापेक्षा हीच धास्ती असणार, की आपल्या घरी आईचं काही कमी पडलं. मला हे तेव्हाच कळलं, आणि कळून फार बरं वाटलं नाही.

नातीने तडकलेला पत्रा कापला आणि पुन्हा मुशीत टाकला. ती म्हणाली, चांदी डूख धरत नाही, दहा वेळा वितळवा. ज्योत सोडली. पुन्हा तेच, काळवंडणं, बसणं, आणि मधे थरथरणारा गोळा. ह्या वेळी दोघंही उठून जवळ आले (सांगून उठले, दोघांनी एकमेकांना सांगितलं). गोळा थरथरत असताना घड्याळवाला म्हणाला,

"पोचा माझाच होता."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

मग लगड ओतली, आणि मला खुर्चीवर बसवण्यात आलं. दांडा घड्याळवाल्याने फिरवला, पत्रा पलीकडून बाईंनी झेलला. दर दोन फेऱ्यांनी नात तापवायची. पत्र्यावर काळ्या पेनने एक रेघ ओढतात, तापून रेघ उडाली की चांदी नरम झाली असं समजायचं. ती रेघ ओढायचं काम बाईंनी घेतलं आणि पट्टीशिवाय अशी सरळ ओढली की मी बघतच राहिले. पाण्यात विझवायचं, फडक्याने कोरडं करायचं, नाहीतर रूळ गंजतो. कोरडं करायचं काम मी मागून घेतलं. एक वाजता पत्रा झाला, लांब, सरळ, कुठे तडा नाही, पातळ पुस्तकाच्या पुठ्ठ्याएवढा. आता फक्त मधोमध कापायचा राहिला. नातीने पुन्हा कात्री पुढे धरली. पुन्हा कोणी घेईना. ती म्हणाली, मी कापू? तर दोघं म्हणाले, आज राहू दे. पत्रा खणात ठेवला आहे, अख्खा, मऊ कापडात. मी रोज उघडून बघते.

इतकं लांब पत्र मी लग्नानंतर लिहिलेलं नाही. हात दुखतो आहे. तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद सांग, धाकट्या नातवाचा दात पडला असेल एव्हाना, त्यालाही सांग.

तुझीच,
थोरली

ता.क. वरचं वाचून तुला वाटेल की मी सांगेपर्यंत माझी चूक कोणाला कळली नव्हती. खरं तसं नाही. काल नात म्हणाली, आजी, पत्र्यावर रुळाच्या रेषा उमटतात, मला त्या आडव्याही दिसल्या आणि उभ्याही, मला पहिल्या नजरेतच कळलं होतं कोणी वळवला. म्हणजे डाकेचं विचारलं तेव्हा तिला ठाऊक होतं. मी विचारलं, मग पाऊण तास बोलली का नाहीस? तर म्हणते, तू बोलतेस का बघत होते. हे कोणाचं वळण आहे ते मला विचारू नकोस.

ता.क. आणखी एक. तुझा चांदीचा आकडा. केसातला, आईने दोघींना एकेक दिलेल्यांपैकी तुझा. सहा वर्षांपूर्वी तू जाताना म्हणालीस की पुढच्या खोलीत राहिला, आणि मी म्हटलं माझ्या घरात काय चोर राहतात का, आणि त्यापुढचं तुला पाठ असेल. तो खोलीतच राहिला होता. खोली रिकामी करताना कपाटाच्या खणामागे सापडला, त्यालाही आता दोन वर्षं झाली. इतकं बोलून बसल्यावर सापडला म्हणायची लाज वाटली. मग मी तो गुपचूप मोडीच्या बरणीत टाकला, म्हटलं वितळला की मिटलं. पण मोडीवरून चुंबक फिरवायचं काम माझंच, त्यामुळे तो माझ्याच हाताखाली आला. चुंबकाला चिकटला नाही. तेव्हा चांदी खरी आहे, लोखंडावर नुसता मुलामा असेल असा आपण दोघी उगाच आईवर संशय घेत होतो. मी तो काढून माझ्या आकड्याशेजारी ठेवला आहे. पोस्टाने पाठवणार नाही. येऊन ने.

ता.क. बाकड्यावर बसलीस तर मी त्या टोकाला बसेन. तुझ्या गुडघ्याला झटका बसायला नको, म्हणून मी सांगितल्याशिवाय उठणार नाही, पण तूही सांगून ऊठ. घड्याळवाला आणि बाई परत येणार आहेत ते गुरुवारी, अकरा वाजता, दोघं एकदम.